ओरिसियाचा काटा आणि न दिसणारी डिस्क

ओरिसिया आमच्या गावच्या धान्यकोठारात एकोणतीस वर्षं काट्यावर होती. शेतकऱ्याचा ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, धान्य ओतलं की रिकामा तोलायचा. फरक येईल तेवढं धान्य. कोठार पाडलं तेव्हा ही बाई आता विणकाम करत बसेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने कॉम्प्युटर उघडायला घेतले. आता तिने सत्तरी ओलांडली आहे, आणि कॅनडातल्या सास्काचेवानच्या आमच्या कोपऱ्यात कुणाचंही यंत्र रुसलं की ते तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतं.

मी तिचा शेजारी, मायरॉन. बायको गेल्यापासून माझी सकाळची कॉफी ओरिसियाकडे होते. कॉफी पाणचट आणि बोलणं कडक, तरी मी एक दिवस चुकवत नाही.

फेब्रुवारीत तिचा मुलगा रोमन कॅलगरीहून मोठी गाडी आणि रिकामी खोकी घेऊन आला. आई दोनदा ओव्हन चालू ठेवून झोपली, हे त्याला कुणीतरी फोनवर कळवलं होतं. त्या कुणीतरीचं नाव मी घेत नाही. ती चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. आईला शहरात न्यायचं असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. दोन दिवस मायलेकांची जुंपली. शेवटी ओरिसियाने टेबलावरच्या माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"हा दुपारच्या जेवणाआधी चालू झाला, तर मी इथेच राहणार. नाही झाला, तर माझं डोकं चालत नाही म्हण आणि भर खोकी."

रोमन कबूल झाला. मला मात्र ही पैज नको होती.

त्याचं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. जुनी डिस्क गेली म्हणून मी नवी मागवली होती, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. ती रात्रभर उणे चौतीस अंशांत टपालपेटीत पडून राहिली. आमच्याकडे बॅटरी, गुडघा, लग्न, काहीही बिघडलं की खापर थंडीवर फुटतं. मी ती डिस्क लोकरी मोज्यात घालून कोमट ओव्हनमध्ये ठेवली, आणि खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली ती मोजा करपल्याच्या वासाने.

ओरिसियाने डिस्क बसवली आणि विंडोज भरायला घेतलं. कुठल्या डिस्कवर भरू, असं पडद्यावर आलं, पण खालची यादी कोरी. तिने डिस्क काढली, पुसली, पुन्हा बसवली. यादी कोरीच. रोमन खोक्यांकडे वळला. त्याने एक खोकं उघडून त्याच्या तळाला चिकटपट्टी लावली. तो आवाज मला सहन होईना. माझ्या मूर्खपणापायी ही बाई गाव सोडणार होती. मी सगळं कबूल केलं, मोज्यासकट.

ओरिसियाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तूही ओव्हन चालू ठेवून झोपलास. रोमन, ह्यालाही भर खोक्यात."

मग तिने डिस्क काढून ठेवली आणि विंडोजच्याही आधी उघडतं ते यंत्राचं स्वतःचं पान उघडलं. त्यात डिस्कचं नाव नव्हतं. डिस्क बसवून तेच पान पुन्हा उघडलं, तर एक ओळ वाढली होती. ट्रकसारखंच तोलणं, फक्त आधी रिकामा, मग भरलेला.

"डिस्क ठणठणीत आहे," ती म्हणाली. "यंत्राला दिसतेय, विंडोजला दिसत नाही. त्याला हिची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, हवा."

ड्रायव्हर उतरवायचं काम रोमनकडे आलं. त्याने आपल्या लॅपटॉपवर तो उतरवला आणि पेनड्राइव्हवर घालून दिला. यादी पुन्हा कोरी. घड्याळात पावणेबारा झाले होते. ओरिसियाने पेनड्राइव्ह त्याच्याच लॅपटॉपला लावून पाहिला.

"पोतं न सोडताच ओतलंस होय रे?"

फाइल बांधलेल्या गठ्ठ्यासारखी तशीच होती. रोमनने ती सोडवलीच नव्हती. शहरात मोठ्या कचेरीत बसणारा माणूस कानापर्यंत लाल झाला. गठ्ठा सोडवला, ड्रायव्हर दिला, आणि यादीत डिस्क हजर. मला इतका आनंद झाला की मी ओरिसियाच्या डोक्याचा मुका घेतला. तिने मला कोपर मारलं.

विंडोज चालू झालं तेव्हा जेवणाचे पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्यांसारखे, अजून उकळत होते. रोमन हातात खोकं धरून तसाच उभा होता.

"पैज तू जिंकलीस, आई. पण ओव्हनचं काय?"

त्याची काळजी खोटी नव्हती, म्हणून मीच बोललो. "रोमन, आईसकट भरलेलं गाव तू पाहिलंस. आता तुझ्या आईला वगळून तोलून बघ."

त्याने खिडकीकडे पाहिलं. तिथे नावांच्या चिठ्ठ्या लावलेली तीन यंत्रं रांगेत होती. एका चिठ्ठीवर पुढच्या बाकावरच्या बाईचं नाव होतं. त्याने खोक्याची चिकटपट्टी सोलून काढली आणि खोकं घडी करून ठेवलं.

"ओव्हन आपोआप बंद करणारं घड्याळ मिळतं," तो म्हणाला. "ते बसवूनच जातो."

"दोन आण," ओरिसिया म्हणाली. "एक ह्याच्याकडे बसव."