लाल दोऱ्याची पिपेट

पिपेटला लाल दोरा बांधून साहेबांनी ती माझ्यापुढे ठेवली. गोड आवाजात म्हणाले, "ही तुझी. बाकीच्या पिपेटना तोंड लावायचं नाही."

शहाडच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतला तो माझा पहिला दिवस. कल्याणच्या आमच्या महारवाड्यातला बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. पिपेट म्हणजे मोजमापाची काचेची नळी. द्राव तोंडानं ओढून घ्यायचा. बाकीचे चार केमिस्ट एकमेकांच्या नळ्या बिनदिक्कत तोंडाला लावत. पाण्यानं विसळली की झालं. संध्याकाळी सगळ्या नळ्या आम्लात बुडवायच्या. बोट बुडवलं तर कातडी सोलून निघेल असं आम्ल. माझी जात तेवढी त्यात जळत नव्हती.

मी गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो. घरी आई विचारायची, "तिथं तुला सगळ्यांवानीच वागवत्यात ना रं?" मी हो म्हणायचो. ती ते वस्तीभर सांगत सुटायची.

दुसऱ्या वर्षी ती तापानं गेली. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून गेली. आठवलं की अजून काळजाला घरं पडतात.

तिला पोचवून कामावर आलो, त्याच आठवड्यात माझ्या पिपेटच्या टोकाचा टवका उडाला. द्राव भसकन सुटायचा. दुसरी द्या म्हणालो, तर साहेब म्हणाले, आहे ती सांभाळ. दोन दिवसांनी माझ्या तपासणीचा आकडा चुकला. चुकणारच होता. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले, "तुमच्या लोकांना शिकवून हेच व्हायचं."

मी उठलो. सगळ्यांच्या स्टँडमधली पिपेट उचलली. तोंडाला लावली. तपासणी पुन्हा केली. आकडा बरोबर आला.

साहेबांनी ती नळी चिमट्यात धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मी म्हणालो, "उद्या दुसरी घेईन. परवा तिसरी. किती फेकताय ते बघू."

हे आई असताना करायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी एक ठरवलं. नोकरी जाते तर जाऊ दे. दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईन, आणि तिथं पहिल्याच दिवशी, कुणाला न विचारता, स्टँडमधली नळी उचलीन.