मावशीने आणलेलं मूळ

"वहिनी, हे काय आहे ते लगेच सांगा. पोरगी हातची जातेय."

डॉ. साठ्यांनी माझ्या बेंचवर रुमाल सोडला. आत बोटाएवढं जाड, काळपट, वाळलेलं मूळ होतं. सत्तरच्या दशकात ग्लासगोमधल्या एका कॉलेजात मी फार्माकॉग्नसी शिकवत असे. म्हणजे साली, मुळं, पानं मायक्रोस्कोपखाली बघून ती कुठल्या झाडाची ते ओळखायचं. आमचे हे त्याला 'काड्या करणं' म्हणत. साठे जवळच्याच हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे वॉर्डचे डॉक्टर, रविवारी आमच्याकडे वरणभाताला येणारे.

पेशंट दक्षिण आफ्रिकेतून नर्सिंग शिकायला आलेली, नोम्सा नावाची. साधी कावीळ, बरी होत आलेली. आदल्या दिवशी भेटायला आलेल्या मावशीने फ्लास्कमधून तिला काहीतरी पाजलं. आता ती कोणाला ओळखत नव्हती. लॉकरमध्ये हे मूळ सापडलं. मावशीकडे फोन नव्हता, म्हणून निरोप घेऊन माणूस पाठवला होता. एवढं सांगून साठे वॉर्डात परतले.

मी पातळ काप काढून त्यावर आयोडीन टाकलं. बहुतेक मुळांत स्टार्च असतो आणि तो आयोडीनने निळा होतो. हा काप निळा झाला नाही. पुढच्या टेस्टला जांभळा रंग आला, म्हणजे स्टार्चऐवजी इन्युलिन, काही झाडं मुळात साठवतात तो पदार्थ. ही सूर्यफुलाच्या आणि काटेरी थिसलच्या कुळाची खूण. आता, थिसलच्या काही जातींच्या मुळांत एक विष असतं. ते यकृत जाळतं आणि रक्तातली साखर पार तळाला नेतं. हे मूळ त्यांचंच भावंड असेल तर? खात्री नव्हती. वॉर्डचा फोन सारखा एंगेज. लॅबकोट न काढताच मी धावले.

नोम्सा उशीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. पुढे धरलेले हात आपोआप फडफडत होते. श्वासाला गोडसर, कुजका वास. यकृत बंद पडतानाची ही लक्षणं मी पुस्तकात वाचली होती. पण ती माझ्या खांद्यामागे बघून हसली आणि शांतपणे म्हणाली, "प्लीज, तिला बसू द्या. फार लांबून चालत आलीय."

मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्या स्कॉटिश बाईंनी खुर्चीवरची आपली पर्स उचलून घेतली. "सकाळपासून उभी आहे बिचारी," त्या मला म्हणाल्या. त्या न्यूमोनियातून उठल्या होत्या. त्यांचं यकृत ठणठणीत होतं, भास व्हायचं काही कारण नव्हतं.

"साठे, शुगर बघितलीत?"

"लिव्हर कोमाकडे चाललीय वहिनी, शुगरचं काय घेऊन बसलात?"

"आधी बघा!"

शुगर जवळजवळ नव्हतीच. शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने नोम्साने डोळे चोळले, साठ्यांना नावाने हाक मारली आणि चहा मिळेल का विचारलं. साठे मला मिठी मारायचेच बाकी होते. मला रडू आलं.

तेवढ्यात मावशी आली. तिने भाचीला नीट न्याहाळलं आणि सिस्टरला विचारलं, "काल हिला किती उलट्या झाल्या?"

"एकच. मी लगेच इंजेक्शन देऊन थांबवली," सिस्टर अभिमानाने म्हणाली.

मावशीने कॉटची दांडी घट्ट धरली. "ती व्हायलाच हवी होती. हे प्यायचं आणि सगळं बाहेर टाकायचं. पोटात ठेवायचं नसतं. मी थांबणार होते, पण व्हिजिटिंगची बेल झाली आणि मला बाहेर काढलं."

सिस्टर पांढरीफटक पडली. आमच्याकडचे वैद्यही गेळफळ देऊन मुद्दाम उलटी करवत, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण चोरून पाजलेल्या काढ्याबद्दल ग्लासगोच्या वॉर्डात कोणाला काय सुचणार?

साखर आम्ही चढवत राहिलो. यकृत मात्र परत आलं नाही. आठवडा संपायच्या आत नोम्सा गेली. त्या दिवशी माझ्या मागे कोण उभी होती, ते मला आजही माहीत नाही. मावशीने कोणाला दोष दिला नाही. ते मला सर्वांत जास्त लागलं.

पुढे रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या बॅचला मी पहिल्याच तासाला सांगत आले: औषध कशाचं आहे एवढंच विचारून भागत नाही. ते घेतल्यावर शरीराने काय करायचं असतं, हे देणाऱ्याला विचारा. आणि विचारेपर्यंत शरीर जे करतंय ते थांबवू नका.