आईचा रिपोट

परवा नातू दवाखान्यातून आला आणि म्हणाला, "आजी, रिपोर्ट चांगला आला." मी त्याच्यावर उगाच खेकसले. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

निजामाच्या राज्यात, आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावात इंग्रजी शब्द तीनच होते, मोटार, तिकीट आणि पोलीस. मग प्लेग आला. घराघरात उंदीर मरून पडले, गाव उठून माळावरच्या झोपड्यांत गेलं आणि माळाचा क्याम्प झाला. दात पडलेल्या म्हाताऱ्यासुद्धा "क्याम्पात राहून राहिलो" म्हणायला लागल्या. माझी आई तेवढी म्हणायची, "माळ हाय तो. माळच म्हणा." भारी हट्टी बाई.

सगळ्यात वाईट शब्द रिपोट. आधी पोलीस पाटील चोरीमारीची खबर द्यायचा. आता कुणाला ताप भरला की सरकारी डॉक्टरला रिपोट द्यायचा. मग त्या माणसाला ओढ्यापलीकडच्या झोपडीत नेऊन ठेवायचे. तिथून परत आलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं. आणि पोलीस पाटील म्हणजे माझे वडील. शेजारच्या नव्या सुनेचा रिपोट त्यांनीच दिला. तिची सासू पाया पडली, तरी दिला. तेव्हापासून ती सासू आमच्या झोपडीकडं पाठ करून बसायची.

आठ दिवसांनी आईला ताप भरला. काखेत गाठ आली. वडिलांनी कुडाचं दार लावून घेतलं आणि मला बजावलं, "कुणी इचारलं तर आई मामाकडं गेली म्हण." मग आईच्या उशाशी जाऊन बसले. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. त्या सुनेला धाडताना ही माया कुठं होती?

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर हजेरी घ्यायला आला. सगळे आपापल्या झोपडीपुढं उभे. वडील म्हणाले, "आमच्या घरी समदं बराबर हाय, साहेब."

मागं दार करकरलं. आई कुडाला धरून उभी होती, डोक्यावर पदर घेतलेला.

"पाटील," ती म्हणाली. एरवी ती त्यांना नुसतं "आवं" म्हणायची. "लोकांच्या लेकी धाडल्या ना तुमी? आता माझा रिपोट द्या."

आईनं वाट पाहिली नाही. एकटीच ओढ्याकडं चालायला लागली. तेव्हा शेजारची सासू पुढं झाली, पाण्याचा तांब्या घेतला आणि तिच्यासोबत ओढ्यापर्यंत गेली.

आई परत आली नाही. वडील पुढं कितीतरी वर्षं पाटील होते. गावात काही झालं की म्हणायचे, "खबर द्या." रिपोट कधी म्हणाले नाहीत.