साहेबाच्या बंगल्यातला चहा

आमची शाळा भरते ती एका इंग्रज साहेबानं बांधलेल्या बंगल्यात. साहेबाला घरची फार आठवण येत असावी, कारण पठ्ठ्यानं कोल्हापुरात खोलीखोलीत शेकोटी बांधून वर धुराडी काढलीत! एप्रिलच्या उन्हात मी इथं नोकरीच्या मुलाखतीला आले होते तेव्हा ते बघून घाम पुसत हसले होते. आता त्या शेकोट्यांत आम्ही नकाशे आणि लेझमी ठेवतो.

पण बंगल्याचा जीव म्हणजे पुढचा व्हरांडा. माझी तिसरी तिथंच भरते. तारेनं बांधलेल्या एका वेताच्या खुर्चीत बसून मी बावीस वर्षं तिथं पाढे म्हणून घेतले. दोन वर्षांमागं संस्थेचे अध्यक्ष आले, खांब ठोकून बघितला आणि म्हणाले, "बाई, हे पाडायचं. गाड्या लावायला जागा पायजे. तुमची तिसरी मागच्या पत्र्याच्या शेडात बसंल."

माझं डोकंच फिरलं. माझी पोरं पत्र्याखाली भाजून काढायची आणि इथं यांच्या गाड्या मिरवायच्या?

"पाडा की," मी म्हटलं. "महाराजांनी जिथं बसून चहा घेतला, नेमकी तीच जागा पाडा."

कुठले महाराज, कधी आले, तुम्हाला कुणी सांगितलं, काही विचारलं नाही त्यांनी. महाराजांचं नाव निघालं की कोल्हापूरचा माणूस आधी चप्पल काढतो. अध्यक्षांनी खरंच काढली.

"कशावर बसलं हुतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

थापा मारायची सवय नाही हो मला. हाताशी होती तीच खुर्ची दाखवली.

महिन्याभरात व्हरांड्यात संगमरवरी पाटी लागली. पाडापाडी रद्द! मी मनातल्या मनात गुलाल उधळला. लाज वाटली का? वाटली. इतिहास शिकवते मी पोरांना. पण पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आली की लाज कुठल्या कुठं पळायची.

मग पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला कसबा बावड्याचे एक म्हातारे आजोबा आले. घरचा दुधाचा धंदा. पाटी वाचून म्हणाले, "व्हय तर! त्या च्याला आमच्याच आज्जानं दूध घातलं हुतं. म्हशीचं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कपाळाला हात लावणार होते, तो खाली घेतला आणि पहिला पेढा त्यांना दिला.

आता खुर्चीला भगवी फीत बांधलीय. मी उभ्यानं शिकवते आणि माझे गुडघे दिवसभर मला शिव्या घालतात. गेल्या आठवड्यात फीत बाजूला सारून जरा टेकले, तर पहिल्या रांगेतली एक पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ बाई, उठा की! म्हाराजांची हाय ती."

उठले. काय करणार?