मुडपलेला अंगठा

मी सुईला घाबरते हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक कसं असणार? गुरांचा डॉक्टर आला की म्हशीचं तोंड धरून उभी राहणारी मीच. बोटाएवढी सुई तिच्या मानेत जायची, ती थरथरायची, आणि मी तिला म्हणायची, उभी राह्य माय, काही नाही होत. चाळीस वर्षं म्हशींना हे खोटं सांगत आले. मग पाळी माझ्यावर आली.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, वर्षभर ठणका होता. आधी डब्याचं झाकण निघेना, मग किल्ली फिरेना. सगळं लपवलं. कुलूप सुनेला उघडायला लावायची आणि वर तिलाच ऐकवायची की तुम्हा शहरातल्या पोरींच्या हातात दमच नाही. ती बुलढाण्याची, सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात आलेली. बिचारी हसायची आणि कुलूप उघडायची.

धार काढताना मात्र लपवता येईना. आमची म्हैस एकाच हाताची. दुसरं कुणी खाली बसलं की दूध वर चढवून घेते, लाथ मारते ती वेगळीच. माझ्या मुलाला तिने दोनदा लोळवलंय. हात गेला तर म्हैस बाजारात जाणार, हे मुलगा बोलला नव्हता, पण मला कळत होतं. आणि म्हैस गेली की या घरात माझं काम काय उरलं? देवळात जाऊन टाळ कुटणाऱ्यातली मी नाही.

चार महिने गोळ्या झाल्या, अंगठ्याचा पट्टा झाला. शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांध्यात इंजेक्शन देऊन बघू. ही बातमी मी दूध डेअरीवर सांगितली, तिथेच चुकले. शेजारीण म्हणाली, तिच्या नणदेच्या गावात एकीने असंच घेतलं आणि तिचा हात लाकडासारखा झाला. मी म्हटलं, तुझ्या जिभेला काही हाड? पण ते लाकूड माझ्या डोक्यात जे शिरलं, ते निघेचना. मुलाच्या मोटरसायकलवर राजूर घाट चढताना मी डाव्या हाताने त्याचा शर्ट धरला होता आणि उजवा पदरात गुंडाळून ठेवला होता.

डॉक्टर पोरसवदा होते. त्यांनी विचारलं, दूध कसं काढता, करून दाखवा. मी हवेतच मूठ वळली. अंगठा आत मुडपलेला, सड त्याच्या पेरावर दाबायचा, जसं माझ्या सासूने शिकवलं तसं. ते म्हणाले, सगळा भार या एका सांध्यावर येतोय. अंगठा बाहेर ठेवून पूर्ण मुठीने पिळायला हवं होतं. तेव्हा मला सासूचा हात आठवला. तिच्याही अंगठ्याच्या मुळाशी असाच उंचवटा होता, आणि शेवटी शेवटी तिला ताटातला घास नीट धरता यायचा नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारपण आहे.

मग त्यांनी माझा अंगठा धरून सरळ ओढला. सांध्यात जागा व्हावी म्हणून, असं सांगत होते, पण मला कुठलं ऐकू येतंय. सुई बारीक होती म्हणतात. मी पाहिलीच नाही. डोळे गच्च मिटले, आणि आत काहीतरी फुगत गेल्यासारखी कळ आली. माझ्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, त्याची मला आजही लाज वाटते. संपलं, असं ते म्हणाले तेव्हा मी मुलाच्या शर्टाचं बटण तोडलेलं होतं.

आठवडाभर धार काढायची नाही, असं त्यांनी बजावलं. दोन-तीन दिवस दुखणं वाढेल. गुण आला तर काही महिने टिकेल, नाही आला तरी नवल नाही, आणि हे सारखं सारखं देता येत नाही.

घाट उतरताना अंगठा बधिर होता, काही म्हणजे काही दुखत नव्हतं. मी मनातल्या मनात शेजारणीला चार शिव्या घातल्या. घरी पोचून चहा झाला आणि इंजेक्शनातली भूल उतरली. अंगठा सुजला, असा ठणकायला लागला की बोटं हलवायची हिंमत होईना. झालं, म्हटलं, लाकूड. मुलाने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, बर्फ लावा, ताप आला तर लगेच या. मी दर पाच मिनिटांनी कपाळाला हात लावून बघत होते आणि रडत होते. तिकडे गोठ्यात म्हैस हंबरत होती. दुधाची वेळ टळून चालली होती.

तेव्हा सुनेने दोरीवरून माझं हिरवं लुगडं ओढलं. धारा काढताना मी नेसते ते, सरकीच्या ढेपेच्या आणि शेणाच्या वासाचं. आमच्याकडे दूध काढणारी बाई गावाला गेली की दुसरी तिचं लुगडं नेसून बसते. म्हैस कधी वासावर फसते, कधी फसत नाही. सुनेला नेसताही येत नव्हतं, कसंबसं गुंडाळलं तिने.

"आई, मले लय भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली. "तुम्ही दारामांगं उभ्या राहा. पण बोलू नका. आवाज दारातून आला तं तिले समजीन."

मी दाराआड उभी राहिले. म्हशीने लुगडं हुंगलं, पुन्हा हुंगलं. किती वेळ काहीच नाही. मग बादलीत धार वाजली. फटीतून डोकावले तर पोरीने अंगठा आत मुडपला होता. अगदी माझ्यासारखा. तिला कुणी शिकवलं नव्हतं, सहा वर्षं माझ्याकडे बघूनच ती शिकली होती.

बोलले तर म्हैस तिला लाथेने उडवणार. गप्प राहिले तर वीस वर्षांनी तिचाही अंगठा सुईखाली. मला सासूचा हात दिसत होता.

"पोरी, अंगठा बाहेर काढ."

म्हशीने मान वळवून दाराकडे पाहिलं. मागचा पाय उचलला. सून जागची हलली नाही. तिने अंगठा बाहेर काढला आणि तशीच बसून राहिली. पाय हवेत होता, माझा श्वासही तिथेच होता. मग तो हळूच खाली टेकला. धार पुन्हा सुरू झाली, वाकडीतिकडी, अर्धी बादलीबाहेर.

सूज तिसऱ्या दिवशी उतरली. इंजेक्शनचा गुण आला. आता झाकणं निघतात, किल्ली फिरते. पण किती दिवस, कोण जाणे. रोज उठल्या उठल्या मी अंगठ्याचं मूळ दाबून बघते. सकाळची धार सून काढते, संध्याकाळची मी. चाळीस वर्षांची सवय, अंगठा नकळत आत जातो. मग दारामागून आवाज येतो, "आई, अंगठा." मी बाहेर काढते.