काजूच्या खोलीतला समुद्र

लवू खोटं बोलत नाही. हा त्याचा गुण नव्हे, आजार आहे. एकदा खाणावळवाल्याला भर गिऱ्हाइकांत "ही सुरमय परवाची" असं सांगून त्याने आमचं अख्खं जेवण बुडवलं. मी त्याचा शेजारी, भोगतोय.

पर्यटकांना समुद्राखाली नेण्याचं, खोल उतरताना नाक दाबून कानांत हवा सोडायला शिकवण्याचं काम त्याने मालवणात बारा वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी पाण्यात बुडी मारायला कायमची बंदी केली. तेव्हापासून हा घरात बसून रुक्मिणीवहिनींच्या फोडणीत चुका काढतो.

मग वाडीतली आकांक्षा पुण्याहून इंजिनिअर होऊन आली, सोबत स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन. डोळ्यांवर चष्मा चढवला की समुद्राचा तळ दिसतो. हाताच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, पट्ट्या असतात. चष्म्यात मासा जवळून गेला की पट्ट्यांत स्थिर वीज भरते, हातावरची लव उभी राहते आणि काहीही न शिवता मासा घासून गेल्यासारखं वाटतं. मुंबईच्या एका कंपनीला हे पटलं तर मालवणात केंद्र निघणार होतं आणि तिथे लोकांना समुद्र दाखवायला लवू. त्याच्या हातांवर लव कसली, गवतच आहे.

पण पुण्यात चालणारं यंत्र आमच्या दमट हवेत ढिम्म. "हाताक काय्येक लागणा नाय," लवू रोज सांगायचा. शेवटी वाडीतल्याच फेलिक्सने आपल्या काजू कारखान्यातली, बी सुकवायची खोली दिली. तिथल्या कोरड्या हवेत नुसत्या पट्ट्या लावून बघितल्या, तर लवूचे केस ताठ उभे! आकांक्षाने तिथल्या तिथे कंपनीला बोलावणं धाडलं.

ठरल्या दिवशी कंपनीच्या रश्मी मॅडम आल्या. लवूने चष्मा चढवला, हात पट्ट्यांमध्ये धरले.

"काही जाणवतंय?"

आम्ही सगळे त्याला 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करत सुटलो. त्याचे डोळे झाकलेत, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

"मासो दिसता. लागणा नाय."

मॅडमनी वही मिटली. आकांक्षा रडवेली होऊन लवूचा हात नीट धरायला गेली, तर तो तिच्या मुठीतून सटकला.

"काकानू, ह्या काय लावलास?"

रुक्मिणीवहिनी दारातूनच म्हणाल्या, "खोबरेल गो. हात सुक्या बांगड्यासारखे झाले होते. मोठ्या लोकांसमोर तसेच धाडू?"

सगळी लव तेलात चप्प बसली होती. फेलिक्सच्या बायकोने, वेरोनिकाने, धावत जाऊन तांदळाचं पीठ आणलं. वहिनींनी नवऱ्याचे हात पातेलं घासावं तसे घासले, पुसून कोरडे केले. मॅडम हसू दाबत परत बसल्या.

पुन्हा यंत्र सुरू झालं. लवूच्या हातांवरची लव सरसरून उठली.

"आता?" मॅडमनी विचारलं.

आकांक्षाने विचारलं, मी विचारलं. हूं की चूं नाही. फटकळ माणूस असा गप्प बसलेला बघून मला भीतीच वाटली.

एवढ्यात त्याने एक हात वर केला, नाक चिमटीत धरलं आणि गाल फुगवून कानांत हवा सोडली.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"त्येंका आता विचारू नकात," त्या मॅडमना म्हणाल्या. "ते पाण्याखाली आसत. वर इल्याशिवाय बोलूचे नाय."