ज्याचा देव त्याच्या घरी

खैरवाडीत मी नर्स म्हणून रुजू झाले ती जून १९७१ मध्ये. मिरजगावला एसटीतून उतरायचं आणि पुढे बैलगाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर चालत. ग्रामपंचायतीने दिलेल्या दोन खोल्या म्हणजे आमचं उपकेंद्र. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या खोलीत मी. माझं नाव एस्तेर वाघचौरे, वय तेव्हा बावीस. ते नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी इस्तरबाई झाले.

माझे वडील श्रीरामपूरला चर्चमध्ये उपदेशक होते. निघताना त्यांनी बजावलं होतं की खेड्यात अंगारे-धुपारे करणारी माणसं असतात, त्यांच्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. नगरला प्रशिक्षणात आमच्या डॉक्टरीणबाईंनीही जवळजवळ तेच सांगितलं होतं, फक्त त्यांचं कारण वेगळं होतं. त्यामुळे खैरवाडीतल्या राहीबाईंना भेटण्याआधीच त्या मला नकोशा झाल्या होत्या, देवाच्या बाजूनेही आणि दवाखान्याच्या बाजूनेही.

राहीबाई पन्नाशीच्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळाला मळवट. ओढ्याच्या काठी मरीआईचं देऊळ होतं, त्याच्या शेजारच्या खोपटात राहायच्या. दृष्ट काढायच्या, झाडपाल्याचं औषध द्यायच्या, मंगळवारी त्यांच्या अंगात यायचं. त्यांची माझी पहिली गाठ पडली ती मनकर्णा नावाच्या सुनेच्या बाळंतपणात. मी पोचले तेव्हा राहीबाई कोपऱ्यात बसून पुटपुटत होत्या. मी सगळ्यांसमोर त्यांना बाहेर जायला सांगितलं. त्या उठल्या आणि अंगणात जाऊन बसल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटल्यावर मनकर्णाची सासू मला म्हणाली, "तुमाला बोलवायला मानूस राहीनंच धाडला हुता. म्हनली, पोर आडवं हाय, ह्ये माज्या हातचं न्हाई."

मला ते ऐकून ओशाळल्यासारखं झालं, पण मी जाऊन काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

राहीबाईंची कहाणी मला गोजरबाईंनी सांगितली. गोजरबाई उपकेंद्रात झाडलोट करायच्या आणि गावातली प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक असायची. राहीबाईंना पाथर्डीकडच्या एका गावात दिलं होतं. तिथे एका वर्षात जावेची दोन तान्ही मुलं गेली. कुणीतरी म्हणालं, हिची नजर वाईट, ही चेटकीण आहे. मग वेशीवर नेऊन त्यांचे केस कापले आणि तिथूनच त्यांना हाकलून दिलं. नवरा तिथेच उभा होता. भाऊ कारभारी जाऊन त्यांना खैरवाडीला घेऊन आला. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. देवळाची सेवा करणाऱ्या एका म्हातारीने त्यांना पाला ओळखायला शिकवलं, मंत्र दिले, आणि तिच्यामागे देऊळ राहीबाईंकडे आलं. गाव त्यांच्याकडे औषधाला जायचं, आणि पाठ फिरली की काही जण त्यांना तोच जुना शब्द वापरायचे.

पुढे आमचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तो शब्द ऐकून राग येत नाही का. त्या निवडुंगाची बोंडं सोलत होत्या. म्हणाल्या, "आदी लई यायचा. मग म्हनलं, मी पाला वळखते, मंतर म्हनते, देवीम्होरं बसते. त्याला त्यांच्याकडं त्योच शबुद हाय. शबुद त्यांचा, काम माजं."

बोलणं सुरू झालं ते मीच गेले म्हणून. त्यांच्याकडे आलेल्या तापाच्या रोग्यांना त्या माझ्याकडे धाडायच्या आणि मी त्यांच्याकडे कुणालाच धाडत नव्हते, हे वर्षभरात माझ्या लक्षात आलं. एकदा पिंजाऱ्याची सून त्यांच्याकडे अंगारा मागायला आली, तेव्हा मी तिथे होते. राहीबाईंनी तिला पोटदुखीचा पाला दिला आणि वर म्हणाल्या, तुमच्या पिराकडे जाऊन आलीस का, आधी तिकडे जा, त्याला वाटेल आपली लेक आपल्याला विसरली. मला तर त्यांनी अंगारा कधी पुढेच केला नाही. एकदा फक्त विचारलं, तुझ्या देवाला चालतं का. मी नाही म्हटलं. त्यांनी चिमूट परत परडीत टाकली आणि विषय संपवला.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्याआधीचंही वर्ष कोरडंच होतं. गावाच्या वर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. चार-पाच गावांची माणसं तिथे खडी फोडायला यायची, सरकारातून मिळणारी सुकडी खायची, मिळेल ते पाणी प्यायची. त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये त्या कामावर पटकी आली. उलट्या, जुलाब, आणि दुपारपर्यंत माणूस वाळलेल्या शेंगेसारखा. पहिल्या तीन दिवसांत दोघं गेली. तालुक्याहून लस आली, ब्लीचिंग पावडर आली. मी कामावरच्या माणसांना टोचलं, आणि गावच्या एकमेव पाणी असलेल्या विहिरीत पावडर टाकली.

मी त्या विहिरीवर चढले हेच काहींना आधी खटकलं होतं. माझ्या आजोबांची जात ते विसरले नव्हते, आणि माझा धर्म तर रोज दिसतच होता. संध्याकाळी पाण्याला उग्र वास यायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात एकच बोलणं: नर्सने मिशनचं औषध विहिरीत टाकलं, ते पाणी प्यायलं की माणूस बाटतो. आबासाहेब नावाचे एक बागायतदार होते, त्यांनी हे पारावर बसून सांगितलं आणि गावाने ते खरं मानलं. बायका विहीर सोडून ओढ्यात उकरलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणी भरू लागल्या. नेमकं तेच पाणी सगळ्यात घातकी होतं. मी घरोघर जाऊन सांगत होते आणि दारं माझ्या तोंडावर लागत होती. लहानशी कडूबाई, मनकर्णाची पुतणी, त्याच दिवशी आजारी पडली आणि तिच्या आईने मला आत येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, गाव मरीआईच्या देवळापुढे जमलं. रोगराई आली की मरीआईचा गाडा काढायची चाल होती. लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात देवीची खणानारळाने पूजा करायची, आणि वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेत ढकलून यायचं. म्हणजे रोग आपल्याकडून गेला. आबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट जोडली. गाड्याबरोबर नर्सलाही मिरजगावच्या रस्त्याला लावायचं. मी गोजरबाईंबरोबर लिंबाखाली उभी होते. पिशवी भरावी की लसीची पेटी आधी सांभाळावी, हे मला कळत नव्हतं. सगळे वाट पाहत होते की राहीबाईंच्या अंगात यावं आणि देवीने तसं सांगावं.

हलगी वाजायला लागली. राहीबाईंनी हात वर करून ती थांबवली.

"आज देवी बोलायची न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बोलनार हाय. देवीच्या तोंडात माजं बोलनं घालनार न्हाई."

मला तेव्हा त्याचं मोल समजलं नव्हतं. अंगात आणून त्या काहीही सांगू शकल्या असत्या आणि गावाने निमूट ऐकलं असतं. तो सोपा रस्ता त्यांनी घेतला नाही. त्या साध्या आवाजात बोलल्या.

"मला वेशीवर उभी केली हुती, तवा बी सगळ्यास्नी पक्कं ठावं हुतं. माज्या सासऱ्याला ठावं हुतं, नवऱ्याला ठावं हुतं. आता तुमाला ठावं हाय का ही पोरगी तुमाला बाटवती. तिचा देव येगळा हाय, व्हय. म्हनून तिचं पानी इख व्हतं का?"

आबासाहेब म्हणाले, मग तूच पी की. त्या विहिरीकडे चालू लागल्या आणि गाव मागोमाग. त्यांनी पोहरा शेंदला, तांब्याभर पाणी उभ्याने प्यायल्या. वासाने तोंड वाकडं झालं ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, चव वंगाळ हाय, काढ्याची बी असती. मग माझ्याकडे येऊन चोळीची बाही वर केली. मी तिथेच त्यांना लस टोचली. त्या माझ्याकडे न बघता कडूबाईच्या आईकडे बघत होत्या. ती बाई गर्दीतून पुढे आली आणि मला म्हणाली, घरी चला.

कडूबाई वाचली. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजून आम्ही तिला दिवसभर धरून ठेवलं, मग कामावरच्या ट्रकने तिला सलाइन लावायला मोठ्या दवाखान्यात नेलं. तोवर माझ्या दारात रांग लागली होती.

गाडा मात्र निघाला. राहीबाईंनी पूजा सोडली नाही आणि मीही ती सोडा म्हणाले नाही. फक्त त्यांनी गाडा शिवेपलीकडे नेऊ दिला नाही. म्हणाल्या, पलीकडं बी मानसंच ऱ्हात्यात, त्यांच्या दारात आपला रोग का टाकायचा? गायरानात खड्डा खणला आणि गाडा तिथे मातीआड केला. मी लांब उभी होते, हात न जोडता. एक बाई मला कुंकू लावायला आली तर राहीबाईंनी तिला परत फिरवलं. "तिला नगं. ती आली, एवढं बास."

दहा-बारा दिवसांत पटकी थांबली. लसीने थांबली, पावडरीने थांबली, असं मी अहवालात लिहिलं आणि ते खरंच होतं. पण ती लस दंडापर्यंत कुणी पोचवली, ते लिहायला अहवालात रकाना नव्हता.

त्यांचे आभार कसे मानायचे, हे मला सुचत नव्हतं. मे महिन्यात घरी गेले तेव्हा प्रभू येशूचं चौकटीतलं चित्र आणलं आणि त्यांना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पदराने पुसलं, बराच वेळ पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"लई मायाळू दिसतो. पन माज्या खोपटात त्याचं कोन हाय? त्याची गानी मला येत न्हाईत. देव गोळा करून ठिवायचे नसत्यात, इस्तर. ज्याचा देव त्याच्या घरी. आपन जाऊन भेटायचं."

मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्याच म्हणाल्या, मला घेऊन चल त्याच्या घरी.

म्हणून त्या नाताळात मी त्यांना श्रीरामपूरला नेलं. मिरजगावहून नगर, नगरहून श्रीरामपूर, पूर्ण दिवस एसटीत. येताना त्यांनी माझ्या आईसाठी ओवा आणि बिब्ब्याची गोडंबी आणली होती. आई त्यांच्याशी लगेच बोलू लागली. वडील बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मळवट भरलेली बाई आपल्या घरात बसलेली पाहून त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं, आणि विहिरीवरची सगळी हकीकत मी पत्रात लिहिली होती, तीही त्यांना आठवत होती.

सकाळी त्या उपासनेला आल्या. चपला बाहेर काढल्या, बायकांच्या बाजूला सतरंजीवर शेवटपर्यंत बसल्या. गुडघे टेकले नाहीत, हात जोडले नाहीत. गीतं सुरू झाली तेव्हा मात्र तालावर मान हलत होती. बाहेर आल्यावर वडिलांनी त्यांना विचारलं, जरा कडकच आवाजात, की प्रभूजवळ काय मागितलंत.

"मागितलं काय न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "मागायला माजी देवी हाय. मी म्हनलं, तुजी पोरगी आमच्या गावाला धाडलीस, उपकार झाले. एवढंच सांगायला आल्ते."

वडील आयुष्यभर उपदेश करत आले होते, पण अशी भाविक बाई त्यांच्या दारात याआधी आली नव्हती. दुपारी पंगत बसली तेव्हा त्यांनी स्वतः राहीबाईंना वाढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो, तर राहीबाईंचं गाठोडं उचलून ते एसटी स्टँडपर्यंत आमच्याबरोबर चालत आले. वडिलांचं राहीबाईंच्या मंत्रांबद्दलचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. ते बदललं नाही. पण त्यानंतर प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असायची: राहीबाईंची प्रकृती कशी आहे, कळव.

सत्त्याहत्तरमध्ये माझी बदली राहुरीला झाली. लग्न झालं, मुलं झाली. राहीबाई आणखी सात वर्षं होत्या. त्यांच्या भावाचं, कारभारींचं, पोस्टकार्ड आलं तेव्हा त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. कार्डात लिहिलं होतं, विहिरीजवळच्या शेतात मातीला जागा दिली, गाव लोटलं होतं, आबासाहेबांनी खांदा दिला.

त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना होती. कुणी नोकरीबद्दल, कुणी नातवाबद्दल उभं राहून आभार मानत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, खैरवाडीच्या मरीआईच्या भगतीणबाई राहीबाई, यांच्याबद्दल मी देवाचे आभार मानते. थोडी कुजबुज झाली. मग मागून कुणीतरी आमेन म्हणालं, आणि मी खाली बसले.